खराब झालेली जमीन पुन्हा जिवंत करायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिस्टोरेशन म्हणजे शेवटी झाडं लावणंच ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की पहिलं त्याचंच बोलू. जमीन बिघडते तेव्हा तिथली नुसती झाडं जात नाहीत. पाणी मुरायच्या आणि वाहायच्या वाटा बदलतात, वरची माती जाते, मातीतली बुरशी आणि किडे जातात, बी आणून टाकणारे पक्षी फिरकेनासे होतात, आणि हे सगळं गेलेलं असताना वरून रोपं खोचली की ती पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकतात. मग पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरी रोपं, दुसरे फोटो.

बरं होण्याचं काम जमीनच करते, आपण वाटेतले अडथळे काढायचे. त्यात कधी झाडं लावणं येतं, कधी झाडं तोडणं येतं, कधी नुसतं कुंपण घालून गप्प बसणं येतं, आणि कधी धरण पाडणंही येतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एल्वा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली, अडलेला गाळ समुद्राकडे गेला, नदीच्या मुखाशी नवा किनारा तयार झाला आणि शंभरेक वर्षं खालीच अडलेले सामन मासे वरच्या पात्रात पोचले. रिकाम्या झालेल्या तलावांच्या तळाशी रोपंही लावली, बीही टाकलं, पण खरं काम झालं ते भिंत पाडल्यामुळे.

मग सुरुवात कुठून करायची?

दोन प्रश्नांपासून. काय बिघडलं? आणि ते अजून बिघडतंय का? दुसऱ्याचं उत्तर हो असेल तर आधी ते थांबवा, बाकी सगळं नंतर. वरच्या बाजूने घाण पाणी येत असेल, दरवर्षी आग लागत असेल, राडारोडा अजून पडत असेल तर लागवडीचं बजेट आत्ताच काढू नका.

साइट बघायला जाल तेव्हा फावडं सोबत न्या, कॅमेरा नसला तरी चालेल. दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या, एक चढावर, एक उतारावर, एक सगळ्यात वाईट दिसणाऱ्या जागी. फावडं चार बोटं जाऊन खणकन थांबलं तर माती दबलेली आहे. खड्ड्याच्या भिंतीत मुळं सरळ खाली जाता जाता एकदम आडवी वळलेली दिसली तरी तेच, त्या थराखाली मुळं जाऊच शकत नाहीयेत. माती करड्या-निळ्या रंगाची असेल, त्यात गंजासारखे ठिपके असतील आणि सडलेल्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिथे पाणी साचून राहतं, म्हणजे कोरड्या जागेची झाडं तिथे जगणार नाहीत. मग खड्डा पाण्याने भरा आणि पाणी मुरायला किती वेळ लागतो ते बघा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर तुमचा प्रश्न झाडांचा नाहीच, निचऱ्याचा आहे. फुकटात होणारी तपासणी आहे ही, तरी बहुतेक प्रोजेक्टमध्ये कुणी करत नाही.

पहिल्या जोरदार पावसात परत जा. पाणी कुठून आत येतं, कुठे थांबतं, कुठे ओघळ पाडतं आणि कुठून माती घेऊन बाहेर जातं हे त्या एका तासात जेवढं कळतं तेवढं नकाशावरून महिनाभरात कळत नाही.

रेफरन्स साइट काय असते?

आपल्या जमिनीसारखीच माती, उतार आणि पाऊस असलेली जवळपासची जागा, जी कमी बिघडलीय. ती बघितल्यावर आपली जागा कशाच्या दिशेने जायला हवी याचा अंदाज येतो. एकच बघू नका, दोन-तीन बघा, कारण एकट्या जागेत तिच्या नशिबाचं बरंच काही असतं. जोडीला जुने नकाशे, जुने उपग्रह फोटो आणि तिथे आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण. ओढा पूर्वी कुठून वाहायचा हे बऱ्याचदा फक्त त्यांनाच माहीत असतं.

काहीच केलं नाही, नुसती जमीन सोडून दिली तर?

पुष्कळदा हेच सगळ्यात चांगलं असतं. लोकांना पटत नाही कारण त्यात उद्घाटन करायला काही नसतं!

मध्य आणि दक्षिण अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेतल्या आपोआप उगवलेल्या जंगलांचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. शेती किंवा चराई बंद झाल्यावर २० वर्षांत ही जंगलं वेगवेगळ्या निकषांवर सरासरी ७८% पर्यंत जुन्या जंगलाच्या जवळ पोचली होती. मातीची सुपीकता दहा वर्षांच्या आत सावरली. झाडांची उंची-जाडी आणि प्रजातींची संख्या यांना २५ ते ६० वर्षं लागतात. पण कोणत्या प्रजाती किती प्रमाणात आहेत, म्हणजे मूळ जंगलाचा खरा चेहरामोहरा, त्याला १२० वर्षांहून जास्त.

मात्र यामागच्या अटी बघा. जवळ थोडंतरी जुनं जंगल शिल्लक असावं, माती अगदीच थकलेली नसावी, वारंवार आग लागत नसावी. यातलं एखादं गणित बिघडलं की जमीन अडकून पडते. कोस्टा रिकामधल्या ग्वानाकास्तेमध्ये असंच झालं होतं, जुन्या कुरणांवर आफ्रिकेतून आणलेलं उंच गवत माजलेलं, ते दरवर्षी पेटायचं आणि त्याच्या दाटीत झाडाचं रोप वर येऊच शकायचं नाही. १९९०च्या दशकात डॅनियल जॅन्झन आणि विनी हालवाक्स या शास्त्रज्ञ नवरा-बायकोने तिथे एका ज्यूस कंपनीला संत्र्याच्या साली टाकायला सांगितल्या. सुमारे १,००० ट्रक, १२,००० टन साली, तीनेक हेक्टरवर. त्या सडलेल्या लगद्याखाली गवत गुदमरलं आणि माती तयार झाली. नंतर तो प्रकार कोर्टबाजीत बंद पडला, पण २०१३ मध्ये संशोधक परत गेले तेव्हा तिथे एवढी गच्च वेलीझाडं होती की जागेची पाटीसुद्धा चटकन सापडेना. साल टाकलेल्या भागात झाडांचं वस्तुमान शेजारच्या भागापेक्षा १७६% जास्त भरलं. एकही झाड लावलेलं नव्हतं. (म्हणून आता कुठेही ओला कचरा नेऊन ओतू नका, तिथे अडथळा काय आहे हे आधी ओळखलं होतं म्हणून ते जमलं.)

जमिनीत आधीपासून काय आहे ते कसं ओळखायचं?

खाली वाकून. दुरून ओसाड दिसणाऱ्या जागेत गुडघाभर झुडपांमध्ये बरेचदा तोडलेल्या झाडांचे बुंधे असतात, मुळं जिवंत, दरवर्षी फुटवे येतात आणि दरवर्षी ते खाल्ले किंवा तोडले जातात. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये १९८०च्या दशकात टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन माणूस रोपं लावून लावून वैतागला होता, कारण ती मरत होती, मग त्याच्या लक्षात आलं की शेतात झुडपं म्हणून दिसतायत ती खरं तर जुन्या झाडांची खोडं आहेत. चार-पाच जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, ठेवलेले जपायचे, एवढंच काम. शेतकऱ्यांकडून शेतकऱ्यांकडे पसरत पसरत सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं उभी राहिली. त्यात एक गोष्ट फार महत्त्वाची होती: आपल्या शेतातलं झाड आपलं, ते तोडायचा-विकायचा हक्क आपला, असं शेतकऱ्यांना वाटायला लागलं. त्याआधी झाडं सरकारची समजली जायची, मग जपणार कोण.

लावायचंच आहे, तर काय लावू?

तिथली, स्थानिक, आणि एक-दोन नव्हे तर भरपूर जातींची. पण सगळ्या एकदम लावायची गरज नसते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सुरू झालेली आणि मग उत्तर थायलंडमध्ये चियांग माई विद्यापीठाच्या लोकांनी १९९०च्या दशकापासून वाढवलेली एक पद्धत आहे, त्यात २० ते ३० निवडक स्थानिक जाती लावतात. निवडताना बघायचं काय, तर उघड्यावर तगणारी, लवकर पसरून गवतावर सावली धरणारी, आणि लहान वयात फळं-फुलं देणारी. सावली पडली की गवत हटतं, फळं आली की पक्षी आणि वटवाघळं येतात आणि ती येताना शेजारच्या जंगलातलं बी घेऊन येतात. बाकीच्या जाती आपोआप दाखल होतात. वड-उंबराच्या कुळातली झाडं या यादीत जवळजवळ कायम असतात, कारण त्यांच्यावर कोण येत नाही ते विचारा.

नर्सरीत काय मिळतंय त्यावरून यादी करू नका, उलटं करा, आधी यादी मग नर्सरी. बी एकाच झाडाखालचं गोळा करू नका, लांब लांबच्या बऱ्याच झाडांचं घ्या. आणि पिशवीत वर्षानुवर्षं राहून मुळांचा गुंडाळा झालेलं उंच रोप घेण्यापेक्षा मुळं सरळ असलेलं बुटकं रोप घ्या, दोन वर्षांत ते उंचाला मागे टाकतं.

मियावाकी करू का? सगळे तेच करतायत.

अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतीशास्त्रज्ञ, त्यांचा मूळ विचार चांगला होता: त्या जागी नैसर्गिकरीत्या कोणतं जंगल असतं ते शोधा, माती नीट सुधारा आणि तिथल्याच जाती मिसळून दाट लावा, चौरस मीटरला साधारण ३ ते ५ रोपं. शहरातल्या छोट्या तुकड्यावर, जिथे काँक्रीट सोडून काहीच नाही, तिथे ठीक आहे. पण लोकांनी त्यातलं 'दाट लावा' तेवढं उचललं आणि पहिली अर्धी पद्धत सोडून दिली. दर हेक्टरी खर्च प्रचंड असतो, पाणी आणि खत लागतं, आणि जिथे मुळात दाट जंगल नसतंच अशा कोरड्या किंवा गवताळ भागात तर ते सरळ सरळ चूक आहे.

माळरान रिकामं पडलंय, तिथे झाडं लावली तर बिघडलं कुठे?

बिघडलं ना. माळरान रिकामं नसतं. जुन्या गवताळ प्रदेशात बरीचशी झाडोरी जमिनीखाली असते, कंद, गड्डे, खोल मुळं, काही झाडांचं तर खोडच जमिनीत आणि वर नुसती पानं. कार्बनसुद्धा मातीत साठलेला असतो. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, गवतावर जगणारे प्राणी सगळे उघड्या जागेवर अवलंबून. तिथे झाडं लावली की सावलीने हे सगळं मरतं, आणि एकदा नांगरून किंवा झाकून गेलेलं जुनं गवताळ रान परत यायला कित्येक दशकं, कधी शतकं लागतात. म्हणजे चांगल्या जागेची नासधूस करून आपण तिला रिस्टोरेशन म्हणतोय.

२०११ मध्ये बॉन चॅलेंज म्हणून आंतरराष्ट्रीय संकल्प सुरू झाला, पुढे त्याचं लक्ष्य वाढून २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टर जमीन सुधारायची असं ठरलं. २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी देशांनी दिलेली आश्वासनं तपासली तर त्यातली ४५% जमीन एकाच जातीच्या व्यापारी लागवडीखाली जाणार होती. निलगिरीचं किंवा तसलं शेत दहा वर्षांनी कापून नेणार, त्याला जंगल कसं म्हणायचं?

खाण संपली, आता मोठा खड्डा आणि दगडमातीचे ढीग आहेत. काय करता येतं?

खरं काम खाण सुरू व्हायच्या आधीच करायचं असतं, पण ठीक आहे.

वरची माती हीच खरी तिजोरी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅरा नावाच्या झाडांच्या जंगलात बॉक्साइटच्या खाणींवर जे शिकले ते सगळीकडे लागू आहे: मातीतलं बरंचसं बी वरच्या पाचेक सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणून वरचा पातळ थर वेगळा खरवडायचा, खालचा वेगळा, आणि ढीग लावून न ठेवता तो लगेच शेजारच्या संपलेल्या खड्ड्यावर नेऊन पसरायचा. माती उंच ढिगात महिनोन्महिने पडली की आतून हवा कोंडते, बी कुजतं, मुळांना मदत करणारी बुरशी मरते आणि उरतो तो नुसता भराव. पसरायची पण जाडीने नाही, खूप खोल गाडलं गेलेलं बी वर येत नाही.

दुसरा धडा अमेरिकेतल्या ॲपलाचियन कोळसापट्ट्यातला. तिथे १९७७च्या कायद्याने खाणवाल्यांना जमीन पूर्ववत करायची सक्ती केली. चांगलंच होतं, पण दरडी कोसळू नयेत आणि धूप होऊ नये म्हणून लोकांनी बुलडोझर फिरवून फिरवून जमीन इस्त्री केल्यासारखी सपाट दाबली आणि वर जोमदार गवत पेरलं. दिसायला हिरवंगार. झाड मात्र धरेना, मुळं शिरायला जागाच नव्हती आणि शिरली तर गवत पाणी पिऊन टाकायचं. मग २०००च्या दशकात उलटं सांगायला सुरुवात झाली, वरचा किमान चार फुटांचा थर सैल टाका, ओबडधोबड राहू द्या, गवत कमी पेरा. जुन्या दाबलेल्या जागा तर मोठे दात लावलेल्या यंत्राने खोलवर फाडाव्या लागल्या. ऑपरेटरला हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण आयुष्यभर त्याच्या कामाचं कौतुक सफाईवरूनच झालेलं असतं.

माती विषारी असेल तर?

तर आधी लॅब, मग बाकीचं. अंदाजाने काहीही करू नका, जुन्या कारखान्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या जागेवर तर अजिबातच नाही, तिथे माती उकरणंसुद्धा धोक्याचं असू शकतं.

उपाय विषावर अवलंबून. तेलकट गोष्टी बॅक्टेरिया बऱ्यापैकी पचवतात, त्यांना हवा, ओल आणि नायट्रोजन मिळाला की. जड धातू मात्र पचत नाहीत, ते एक तर खणून न्यायचे नाहीतर जागच्या जागी बांधून टाकायचे. झाडं लावून धातू शोषून घेऊ हे ऐकायला छान आहे पण वेळखाऊ आहे, आणि मग ती विषारी पानं आणि लाकूड कुठे टाकणार याचं उत्तर आधी हवं.

कॅनडात सडबरी नावाचं निकेलचं गाव आहे. तिथे धातू वितळवण्याच्या धुरामुळे हजारो हेक्टरवरची झाडी मेली, माती वाहून गेली आणि खडक काळे पडले. १९७२ मध्ये ३८१ मीटर उंच चिमणी बांधली, गावातली हवा सुधारली पण धूर लांब जाऊन पडायला लागला, खरी घट नंतर कायदे कडक झाल्यावर आली. १९७८ पासून सुट्टीतले विद्यार्थी आणि काम गेलेले कामगार पाठीवर पोती घेऊन डोंगरांवर चढले आणि हाताने चुनखडीची भुकटी पसरली. चुन्याने मातीतलं ॲसिड कमी झालं आणि ॲसिड कमी झालं की तांबं-निकेल पाण्यात विरघळून मुळांपर्यंत पोचेनासं झालं, धातू तिथेच आहेत, पण गप्प बसलेत. थोडं खत, थोडं गवत-क्लोव्हरचं बी. मग बर्च, पॉप्लर, विलो स्वतःहून उगवले. आतापर्यंत तिथे एक कोटीच्या आसपास झाडं लावून झालीत आणि काम अजून चालूच आहे.

शहरात काय रिस्टोर करणार, सगळं तर काँक्रीट आहे.

काँक्रीट फोडता येतं. फोडल्यावर खाली जे दिसतं ती माती नसते हे मात्र लक्षात ठेवा, ती दाबलेली खडी-मुरूम असते, सिमेंटमुळे अल्कधर्मी झालेली, त्यात सेंद्रिय काही नाही. ती सैल करून कंपोस्ट मिसळावं लागतं. किंवा तिथे निकृष्ट जमिनीतच फुलणाऱ्या वनस्पती येऊ द्यायच्या, सुपीक माती आणून टाकली की बरेचदा तणच माजतं.

नद्यांचं जास्त बोलण्यासारखं आहे. सिंगापूरमध्ये बिशान पार्कला लागून कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा होता, तो काढून २०१२ पर्यंत तिथे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. भिंती गेल्यामुळे पुराचं पाणी बागेत पसरतं, म्हणजे बागच पुराची जागा झाली, आणि पाणी चढायला लागलं की भोंगे वाजतात. जर्मनीतल्या रूर भागात एम्शर नदी शंभराहून जास्त वर्षं उघडं गटार होती, कारण कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची आणि जमिनीखाली गटारं टाकली तर ती फुटली असती. खाणकाम सरलं तेव्हा कुठे १९९२ मध्ये काम सुरू झालं, आधी खोल भूमिगत गटारं, मग नदी. २०२१ संपताना नदीत जाणारं मैलापाणी पूर्ण थांबलं, खर्च ५ अब्ज युरोच्या वर. बघा, जवळपास ३० वर्षं गेली ती सुशोभीकरणात नाही, घाण थांबवण्यात.

आता दक्षिण कोरियाच्या सोल शहरातलं चॉन्गेचॉन. उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये तिथे ५.८ किलोमीटरचा ओढा केला, जगभर फोटो फिरले. जागा सुंदर आहे, मासे-पक्षी वाढलेत, लोक बसतात, हवा गार झालीय. पण त्यातलं बहुतेक पाणी पंपाने आणून सोडलेलं आहे. पंप बंद केला तर ओढा नाही. मला विचाराल तर तो उत्तम सार्वजनिक बगीचा आहे, नदी पुन्हा जिवंत केली असं मी म्हणणार नाही.

म्हणजे पडीक औद्योगिक जागा दिसली की लगेच कामाला लागायचं?

उलट, आधी वर्षभर नुसतं बघा. इंग्लंडमध्ये टेम्सच्या मुखाजवळ कॅनव्ही विक नावाची जागा आहे, तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी गाळ-वाळूचा भराव टाकून तयार केलेली, कारखाना काही धड चालू झालाच नाही. फुटकं डांबर, गोल चौथरे, मुलांच्या मोटारसायकली. आणि त्याच जागेत सुमारे १,४०० जातींचे कीटक आणि तसले लहान जीव सापडले, त्यातले काही देशातून नाहीसे झाले असं समजलं जात होतं. २००५ मध्ये तिला कायद्याने संरक्षण मिळालं. तिथे कुणी 'हिरवळ' केली असती तर सगळं गेलं असतं.

परकी झाडं सरसकट उपटून टाकायची का?

सरसकट नाही. जी बाकीच्यांना जगू देत नाहीत ती काढायची, आणि काढल्यावर मोकळ्या जागेत काय येणार हे आधी ठरवून. घाणेरी एका झटक्यात साफ केली आणि पुढे काहीच केलं नाही तर पुढच्या पावसात तीच परत, नाहीतर तिच्याहून वाईट काहीतरी.

जोधपूरच्या किल्ल्यालगतच्या राव जोधा पार्कचं उदाहरण घ्या. सुमारे ७० हेक्टर खडकाळ जागा, वेड्या बाभळीने भरलेली, २००६ मध्ये निसर्गअभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी काम सुरू केलं. वेडी बाभूळ वरून तोडली की दुप्पट फुटते, मूळ जमिनीखाली हातभर तरी तोडावं लागतं, आणि इथे तर ते खडकाच्या भेगेत. स्फोटकं, यंत्रं काही कामाला आलं नाही, शेवटी वाळूचा दगड फोडणारे पिढीजात खाणकामगार आले. ते छिन्नी-हातोडा घेऊन आधी खडकावर ठोकून आवाज ऐकायचे, त्यावरून कुठे फटीला लागायचं ते ठरवायचे आणि मूळ काढायचे. निघालेल्या त्याच खड्ड्यात मग वाळवंटी खडकावर वाढणारी तिथली झाडं-झुडपं लावली. खड्डा खणायची मेहनत वाया गेली नाही.

खारफुटी लावायचा कार्यक्रम आहे, येऊ का?

विचारून या की जागा कुठली. बहुतेक अपयशी लागवडी चिखलाच्या उघड्या मैदानावर झाल्यात, जिथे खारफुटी कधी नव्हतीच, कारण ती जागा वादाची नसते आणि ओहोटीला मोकळी मिळते. खारफुटी साधारण ३०% किंवा त्याहून कमी वेळ पाण्याखाली राहील अशा उंचीवरच तगते, त्याहून खाली लावली की बुडून मरते. सोडून दिलेल्या कोळंबीच्या तळ्यांचे बांध योग्य ठिकाणी फोडून भरतीचं पाणी आत येऊ दिलं तर बी पाण्याबरोबर आपलं आपण येतं. दलदलीचं पण तसंच, ज्या चरांनी पाणी काढून नेलं ते बुजवायचे. दक्षिण इराकमधल्या दलदली १९९०च्या दशकात मुद्दाम सुकवल्या होत्या, २००३ मध्ये लोकांनी बंधारे फोडले आणि बराच भाग पुन्हा पाण्याखाली आला, बोरू-लव्हाळे परत उगवले. पूर्वीइतकं सगळं मात्र आलं नाही, वरून नदीत येणारं पाणीच आता कमी आहे.

प्रकल्पासाठी एका ठिकाणचं जंगल किंवा पाणथळ जागा तोडतो, दुसरीकडे तेवढंच तयार करून देतो. चालेल?

कागदावर चालतं. ६२१ पाणथळ जागांचा एक आढावा २०१२ मध्ये आला, त्यात रिस्टोर केलेल्या किंवा नव्याने केलेल्या जागा कित्येक दशकं उलटल्यावरही तिथल्या झाडा-प्राण्यांच्या बाबतीत मूळ जागांपेक्षा सरासरी २६% मागे होत्या आणि कार्बन साठवण्यासारख्या कामात २३% मागे. म्हणजे एकाला एक हा सौदा पहिल्या दिवसापासून तोट्याचा. क्रम ठरलेला आहे: आधी नुकसान टाळा, मग कमी करा, जे झालं ते तिथेच दुरुस्त करा, आणि एवढं करून उरलं तरच दुसरीकडे भरपाई. लोक थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात.

पैसे कशावर जास्त लागतात?

देखभालीवर, आणि तिथेच कुणी ठेवत नाही. लागवडीनंतर किमान तीन वर्षं तण काढणं, आच्छादन घालणं, आगपट्टे (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेले पट्टे), कुंपण, मेलेल्या जागी पुन्हा लागवड, हे धरून बजेट करा. पैसे तेवढेच असतील तर अर्ध्या जागेवर करा पण तीन वर्षं करा. आणि 'किती रोपं लावली' हा आकडा रिपोर्टमधून काढून टाका, तीन वर्षांनी किती जिवंत आहेत आणि न लावलेल्या किती जाती आपोआप आल्या हे लिहा. ठरलेल्या खांबावरून, ठरलेल्या दिशेला, दरवर्षी त्याच महिन्यात एक फोटो काढा, दहा वर्षांनी त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नसतो.

ड्रोनने बियांचे गोळे टाकले तर काम झटपट होईल ना?

टाकायचं काम झटपट होतं, उगवायचं नाही. उघड्यावर पडलेलं बी उंदीर आणि मुंग्या नेतात, उरलेलं गवतावर अडकून वाळतं, मातीला टेकलेलं थोडंसंच रुजतं. आगीनंतरची उघडी माती, ताज्या दरडीचा उतार, माणूस चढू शकत नाही असा कडा, अशा ठिकाणी विचार करायला हरकत नाही. दाट गवतावर टाकत असाल तर आधी गवताचं बघा.